टेस्टोस्टेरॉन सुरू होऊन पाच महिने झाले, रिपोर्टमध्ये रक्त 'हाय' आलंय, आणि 7 मे ला मतदानाच्या कुठल्या लाइनीत उभं राहू?

हळदीचा_हिशेब (24 मार्च 2024)

नमस्कार. मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाला आहे, मूळ गाव तासगाव तालुक्यात, वय 26, ट्रान्समॅन (जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद, पण आहे पुरुष). ऑक्टोबरच्या शेवटी पुण्यातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू केलं, त्याआधी सायकियाट्रिस्टकडं पाच खेपा घालून लेटर घेतलं होतं. 250 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी. तिसऱ्या महिन्यात पाळी थांबली, हनुवटीखाली चार केस आलेत ते रोज मोजतो (हसू नका), पिंपल्स मात्र दहावीतल्या पोराएवढे.

आता अडचणी. एक तर इंजेक्शन द्यायला कोणी मिळत नाही. दर वेळी त्यासाठी पुण्याला जाणं परवडत नाही, एक दिवसाचा खाडा आणि एसटीचं भाडं वेगळंच. इथं एका दवाखान्यात गेलो तर कंपाउंडरनं प्रिस्क्रिप्शनवरचं बाईचं नाव वाचलं, औषधाचं नाव वाचलं आणि सगळ्या पेशंटसमोर विचारलं, "ताई हे जिमवाल्या पोरांचं औषध हाय, तुमाला कशाला?" मी तसाच उठून आलो. मेडिकलवाल्यानंपण तेच विचारलं होतं पण त्यानं निदान हळू आवाजात विचारलं.

दुसरं म्हणजे मागच्या आठवड्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 16.1, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) 48.2, दोन्हीपुढं ठळक अक्षरात H. गावाकडच्या डॉक्टरांना दाखवलं (त्यांना सगळं सांगितलेलं नाही, टॉनिक घेतो म्हणालो) तर म्हणाले रक्त घट्ट झालंय, जे काय घेतोयस ते ताबडतोब बंद कर, नाहीतर अटॅक येईल. तेव्हापासून झोप उडालीय. पुण्याची अपॉइंटमेंट एप्रिलच्या शेवटी आहे.

तिसरं आवाजाचं. दुकानातनं शेतकऱ्यांना फोन मीच लावतो, पट्टी (माल विकल्याचा हिशेब) तयार झाली, पैसे खात्यावर टाकले, असले. फोनवर आता सगळे दादा म्हणतात. मग माणूस दुकानात येतो, त्याच्या हातात पट्टी देणारा मी, गळ्यात ओढणी, कारण मालकांना अजून सांगितलेलं नाही, तो एकदा पट्टीकडं बघतो एकदा माझ्याकडं आणि विचारतो "सकाळी बोललेलं दादा कुठं गेलं?" घरी आईला माहीत आहे, आण्णांना नाही. घसा बसलाय म्हणून दोन महिने काढले. आत्यानं ज्येष्ठमध पाठवलं, रोज रात्री हळद-दूध चालू आहे, दिवसभर हळदीच्या धुरळ्यात बसून वर परत हळद-दूध. एप्रिलमध्ये चुलत बहिणीचं लग्न आहे, तिथं अख्खी भावकी.

आणि 7 मे ला मतदान. बूथ गावच्या शाळेत, बायकांची लाइन वेगळी, गड्यांची वेगळी. कार्डावर जुनं नाव, जुना फोटो. जाऊ का नको? कागदपत्रं बदलायला सुरुवात कुठनं करायची तेपण सांगा. लांबलंय, माफ करा.

मिरजेची_सिस्टर

पहिल्यांदा शांत हो. रिपोर्ट परत काढ आणि H च्या शेजारच्या कॉलममध्ये नॉर्मल रेंज काय छापलीय ते बघ. 12 ते 15 असणार. ती बायकांची रेंज आहे. लॅबमध्ये फॉर्म भरताना 'फिमेल' टिक केलं की कॉम्प्युटर आपोआप त्या रेंजशी ताडून बघतो आणि H मारतो. पुरुषांची साधारण 13 ते 17 धरतात, त्यात तुझं 16.1 आरामात बसतं. टेस्टोस्टेरॉननं लाल पेशी वाढतातच, औषधाचं कामच आहे ते, आणि पाळी बंद झाली म्हणजे दर महिन्याला जाणारं रक्तपण जात नाही. डॉक्टर लोक हिमॅटोक्रिट 50 च्या वर गेलं की कान टवकारतात आणि 54 च्या वर गेलं तर डोस थांबवतात किंवा कमी करतात. तू 48 वर आहेस. लक्ष ठेवायचं, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासायचं, पण अटॅक बिटॅक डोक्यातनं काढ.

पण गावाकडच्या डॉक्टरांनाही मी दोष देणार नाही हां, तू टॉनिक म्हणालास तर ते बिचारे दुसरं काय सांगणार. बाईचं नाव, 16 हिमोग्लोबिन आणि टॉनिक, मी असते तर मीपण बंद कर म्हणाले असते. डॉक्टरशी खोटं बोलून तपासणीचे पैसे वाया घालवू नकोस.

पुढच्या वेळी लॅबच्या माणसाला सांग की डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन चालू केलंय, पुरुषांची रेंजपण छापा. टेस्टोस्टेरॉन लेव्हल करणार असशील तर इंजेक्शननंतर कितवा दिवस ते चिठ्ठीवर लिही, कारण चौथ्या दिवशीचा आकडा आणि विसाव्या दिवशीचा आकडा म्हणजे दोन वेगळी माणसं. आदल्या दिवशी पाणी नीट पी. सांगलीच्या मार्चमध्ये दिवसभर पाणी न पिता रक्त दिलं तर कोणाचंही घट्टच येणार. आणि सिगारेट ओढत असशील तर ती आधी बंद, तीपण हिमोग्लोबिन वाढवते.

आता इंजेक्शन. हे तेलातलं औषध आहे, काकवीसारखं सावकाश उतरतं. अँपूल दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करायची, 21 किंवा 22 नंबरची सुई, कमरेच्या मागे वरच्या बाहेरच्या भागात खोल, आणि ढकलताना घाई अजिबात नाही. एक वेळ उजवीकडं, एक वेळ डावीकडं. दिल्यावर लगेच खोकला आला, छातीत विचित्र वाटलं तर तिथंच बसून राहायचं आणि सांगायचं, उठून बसला पळायचं नाही. आणि कुठलं इंजेक्शन आहे ते बघ, सस्टेनॉन नावाच्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते चालत नाही. (सांगलीत भडंग खाऊन मोठा झालायस, त्यामुळं तुला नसावी.)

द्यायला माणूस कसा शोधायचा तर कंपाउंडरच्या नादी न लागता आधी एकटा जाऊन डॉक्टरांना भेट. पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घे, कोणतं औषध, किती, किती दिवसांनी, आणि मला फोन करू शकता म्हणून नंबर. तो कागद टेबलावर ठेवला की निम्मे डॉक्टर निवळतात. त्यांना भीती तुझी नसते, स्टेरॉइडच्या केसची असते.

आणखी एक, कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते, पाळी थांबली म्हणजे दिवस राहू शकत नाहीत असं नाही. गरज असेल तर त्याची वेगळी काळजी घ्यायची.

हळदीचा_हिशेब

सिस्टर, आत्ता रिपोर्ट काढून बघितला. 12.0 - 15.0 च छापलंय. पाच दिवस झोपलो नव्हतो ओ. आईला उठवून सांगितलं, ती म्हणाली मग आता झोप.

एक विचारायचं राहिलं, तिसऱ्या आठवड्यात फार चिडचिड होते, मालक काय बोलले की डोळ्यात पाणी येतं, हमालांवर खेकसतो. इंजेक्शन घेतलं की दोन दिवसांत परत माणसात. हे मनाचं म्हणायचं का औषधाचं?

मिरजेची_सिस्टर

बरंचसं औषधाचं. शेवटी शेवटी लेव्हल खाली जाते. काही डॉक्टर तोच डोस वाटून कमी कमी आणि लवकर लवकर देतात, म्हणजे चढउतार कमी होतो. तारीख आणि मूड दोन महिने वहीत लिहून ने आणि त्यांना विचार. स्वतःच्या मनानं अर्धी अँपूल वगैरे करू नकोस.

कृष्णाकाठची

मी कराडची, ट्रान्सवुमन, वय 34, ब्लाउज शिवते. स्वतःच्या मनानं औषध घेण्यावरनं माझं सांगते कारण इथं वाचणाऱ्या पोरी असतील. मी 22 ची असताना कोणी डॉक्टर माहीत नव्हता, एकीनं सांगितलं मेडिकलमधल्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या खा, चार चार खा, लवकर फरक पडतो. खाल्ल्या आठ महिने. मग एका सकाळी डावी पोटरी अशी टम्म, हात लावला तर गरम, पाय टेकवेना. मला वाटलं मशीन मारून मारून झालं असेल, बाम चोळला. तीन दिवसांनी दम लागायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं, पायाच्या शिरेत गाठ आणि तिचा तुकडा फुफ्फुसात. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. त्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन वेगळं असतं, रक्त गोठवायला जास्त कारणीभूत होतं, आणि मी ते मूठभर खात होते. आता डॉक्टरांनी एस्ट्राडिऑलचं जेल दिलंय, कातडीवाटे जातं, त्यात तो धोका कमी. आणि दुसरं, आमच्या औषधानं आवाज बारीक होत नाही की दाढी जात नाही, त्याला लेसर आणि आवाजाचा सराव वेगळा. तुझ्या औषधानं मात्र आवाज एकदा उतरला की उतरला, तो परत चढत नाही, म्हणून घसा बसलाय हे कारण किती दिवस पुरवशील ते बघ.

कागदपत्रांचं. मी 2021 मध्ये केलं. नॅशनल पोर्टल फॉर ट्रान्सजेंडर पर्सन्स आहे, त्यावर अर्ज, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, फोटो. सर्टिफिकेट जिल्हाधिकारी देतात, तुझ्यासाठी विजयनगरचं ऑफिस. ज्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहतोयस तिथलाच अर्ज. मी केलं तेव्हा 2020 च्या नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की या सर्टिफिकेटसाठी कसलीही वैद्यकीय तपासणी नाही. तरीपण मला एका टेबलावर ऑपरेशनचे कागद मागितले होते. मी नियमाचं ते पान मराठीत लिहून झेरॉक्स काढून नेलं होतं, ते पुढं सरकवलं, साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले बरं बसा. तीस दिवस लिहिलंय, मला तीन महिने लागले. आता तर आचारसंहिता, सगळं ऑफिस इलेक्शनच्या कामाला लागलंय, त्यामुळं अर्ज आज टाक पण जूनच्या आधी आशा ठेवू नकोस.

त्या सर्टिफिकेटवर 'ट्रान्सजेंडर' येतं. 'पुरुष' लिहून पाहिजे असेल तर 2019 च्या कायद्याचं कलम 7, त्याला हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिटेंडेंटचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. लोक म्हणतात पूर्ण ऑपरेशन झाल्याशिवाय मिळत नाही, पण 2020 च्या नियमांच्या व्याख्येत वैद्यकीय उपचार म्हणजे समुपदेशन, हार्मोन आणि ऑपरेशन असं सगळं धरलंय. भांडावं लागतं ते लागतंच.

आणि हे नीट वाच, मी इथं फसले. आधारला लिंग साधारणपणे एकदाच बदलता येतं, नाव दोनदा. मी घाईनं ट्रान्सजेंडर करून घेतलं, नंतर स्त्री करायला गेले तर सेंटरवाला म्हणाला लिमिट संपलं, मग त्याच्या पुढचं वेगळंच त्रांगडं, मुंबईच्या ऑफिसला मेल कर, वाट बघ. तुला शेवटी पुरुष पाहिजे असेल तर आधारचं लिंग आत्ता हलवूच नकोस. नाव गॅझेटमध्ये बदलून घे, आधारला फक्त नाव, मग बँक, पॅन. दहावीच्या मार्कलिस्टला कोल्हापूर बोर्ड, डिग्रीला शिवाजी विद्यापीठ, ते सगळ्यात शेवटी कारण तिथं सगळ्यात जास्त जोडे झिजतात.

विट्याचा_पाहुणा

मी विरोधात नाही पण एवढी घाई कशाला? लग्नात एवढ्या लोकांत कशाला विषय, आवाज बसलाय सांग, साडी नेस, दोन दिवस काढ. आणि मतदान एक वर्ष नाही केलं तर काय बिघडतंय. बापाला या वयात कशाला त्रास?

हळदीचा_हिशेब

साडी दोन दिवस तुम्ही नेसून बघा पाहुणं. सोळाव्या वर्षापासून प्रत्येक लग्नात दोनच दिवस म्हणून नेसतोय.

बिनधास्त_वाळवा

😂 भावा. मीपण ट्रान्समॅन, इस्लामपूर साइडचा. लग्नासाठी एकच सांगतो, कुर्त्याच्या आत क्रेप बँडेज गुंडाळू नकोस, मी भावाच्या लग्नात वरातीत नाचलो तसला बांधून, बरगडी दुखावली ती महिनाभर शिंकायची चोरी. नीट मापाचा बायंडर (छाती सपाट दिसायला आतनं घालायचा घट्ट कपडा) घे, आठ तासाच्या वर नाही, झोपताना नाही, उन्हात घाम आला की काढून पुसून पावडर. धुरळ्यात काम करतोस तर जेवणाच्या सुट्टीत काढ आणि खोल श्वास घेऊन खोक. मालकांना कधी सांगणार?

अजिंक्यतारा_काकू

बाळा, मी साताऱ्याची, माझा मुलगा तुझ्यासारखाच, आता पुण्यात नोकरीला आहे. मला यातलं मेडिकल काही कळत नाही, मी घरचं सांगते.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले. पोरानं मला सांगितलं होतं, ह्यांना सांगायचं मी टाळत होते, आज नको उद्या नको, आधी दिवाळी होऊ दे, आधी नणंदेचं ऑपरेशन होऊ दे. एक दिवस पोराचा फोन आला, मी दळण आणायला गेलेले, ह्यांनी उचलला. त्याचा मोबाइल बंद पडलेला, मित्राच्या नंबरवरनं केलेला. तो म्हणाला बाबा मी बोलतोय. हे म्हणाले कोण मी? रॉंग नंबर, आणि ठेवून दिला. त्यानं परत केला, परत ठेवला. तिसऱ्यांदा त्यानं ह्यांना लहानपणी ज्या नावानं हाक मारायचा तसं म्हटलं तेव्हा हे खाली बसले. मी आले तर फोन कानाला आणि तोंडातनं शब्द नाही.

नंतर बोलणं वर्षभर बंदच होतं, खोटं सांगत नाही. पण ह्यांचा राग पोरानं काय केलं याच्यापेक्षा मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं याचा जास्त होता. आज्जीनं तर सौंदत्तीला न्या, यल्लमाचं काही असेल, जोगता सोडायचा असेल असं काढलं होतं. त्यात त्या माउलीचाही दोष नाही, तिनं आयुष्यात बघितलेलं एवढंच. मी तिला म्हटलं, जोगत्यांना आपण हात जोडतो ते ठीक, पण ह्याचं ते नाही, ह्याला परडी नको, ह्याला नोकरी करायचीय.

म्हणून म्हणते, लग्नाच्या आधी आण्णांना तूच सांग. भावकीतल्या कोणीतरी मांडवात कानात घातलं तर ते वाईट.

कृष्णाकाठची

काकूंचं मला अर्धंच पटतंय. सांगायचं ते पटकन सांगावं हे खरं, पण ज्याच्या खोलीचं भाडं आणि पगार स्वतःचा आहे त्यानं. पोरांनो, घरातनं हाकलून दिलं तर आज रात्री कुठं झोपणार याचं उत्तर नसेल तर आधी ते शोधा मग तोंड उघडा. मला उत्तर नव्हतं, मी कराडच्या स्टँडवर दोन रात्री काढल्यात. हिशेबवाल्याला नोकरी आहे, त्यानं सांगावं.

मतदानाला जा. लाइन कुठलीही धर, आत ओळख पटवायला कार्ड आणि चेहरा लागतो. फोटो जुना आहे म्हणून आधार जवळ ठेव. एक मात्र लक्षात घे, आत पहिला अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो, पार्टीच्या एजंटांना टिक करायला. ते ऐकायची तयारी ठेव.

हळदीचा_हिशेब (9 मे 2024)

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय, हळदीच्या सीझनमध्ये डोकं वर काढता येत नव्हतं.

लग्नाच्या चार दिवस आधी द्राक्षबागेत आण्णांना सांगितलं. छाटणीचं काम चालू होतं. आण्णांनी एवढंच विचारलं, "औषध कोण देतं? डॉक्टर हाय का वैदू?" पुण्याचं लेटर मोबाइलवर दाखवलं. इंग्रजीत होतं, मी वाचून दाखवलं. मग कात्री उचलून पुढच्या ओळीला गेले. लग्नात मी शर्ट-पँट घालून वाढायला उभा राहिलो, आत्या बोलल्या काय बोलायचं ते, आण्णा कुणालाच काही म्हणाले नाहीत, मलापण नाही.

मतदानाला गेलो. गड्यांच्या लाइनीत उभा राहिलो, माझ्या मागं चार माणसं सोडून आण्णा. आत गेल्यावर त्या सरांनी जुनं नाव वाचलं, पूर्ण, आडनावासकट, आणि वर बघितलं, परत यादीत बघितलं. म्हणाले फोटो जुळत नाही. मी आधार काढलं. मी बोललो तर आवाज असा, सर अजूनच गोंधळले. तेवढ्यात कोपऱ्यातला एजंट, आण्णांच्या बरोबरीचा माणूस, यादीवरनं पेन न उचलता म्हणाला, "आण्णांचं थोरलं हाय ते, घ्या पुढं."

थोरलं. थोरली पण नाही आणि थोरला पण नाही.

शाई लावून बाहेर आलो, आण्णा आले, गाडीची किल्ली माझ्याकडं टाकली आणि मागं बसले. रस्त्यात एकच बोलले, बारीच्या वळणावर हळू घे.

पोर्टलवर अर्ज टाकलाय. मालकांना अजून सांगितलेलं नाही, जूनमध्ये सीझन संपल्यावर.

मिरजेची_सिस्टर

छान. पुण्याला दाखवलंस का? आणि इंजेक्शनचं काय केलंस?

हळदीचा_हिशेब

दाखवलं. डोस वाटून दिलाय, आता दहा दिवसांनी. विश्रामबागेत एका डॉक्टर मॅडम तयार झाल्या, लेटर वाचून त्यांनी पुण्याला फोन लावला आणि स्वतःच दिलं, कंपाउंडरला बाहेर पाठवून. हिमॅटोक्रिट 47.6. लॅबवाल्यानं दोन्ही रेंज छापल्या, बायकांच्यापुढं H, पुरुषांच्यापुढं काहीच नाही. ते पान फाइलला लावलंय.